गोधडीचा मधला चौक

फोन आला तेव्हा मी अंबाजोगाईत पोस्टाच्या खिडकीमागं बसले होते. परळीहून माझा चुलतभाऊ शिवा बोलत होता. "उमाताई, आई गेली," एवढंच म्हणाला. खिडकीपलीकडचा माणूस पाकीट पुढं सरकवत होता. मी त्याचं पाकीट घेतलं, शिक्का मारला आणि उठले. अंबाजोगाई ते परळी रस्ता तो केवढा, पण त्या दिवशी संपता संपेना. थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा कुठं डोळ्यांत पाणी आलं. माझी गंगाकाकू गेली होती. सत्तरी ओलांडलेली, शेवटी शेवटी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं भेटेल तो "सुटली बिचारी" म्हणत होता. मला हे दोन्ही शब्द पटत नाहीत. बिचारी तर ती कधीच नव्हती. आणि सुटायला ती अडकली होती कुठं? तिला अडवायला आलेल्यांनाच तिनं दारात ताटकळत उभं केलं होतं.

घरी पोचले तर काकूला आमच्या रीतीप्रमाणं भिंतीला टेकवून बसवलेलं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात हार. आणि उंबऱ्याच्या आत, चपलांच्या बाजूला, एक गाठोडं. तिच्या अंगावरची गोधडी, उशी, चादर, सगळं एकत्र बांधलेलं. आमच्याकडं माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत, मातीच्या दिवशीच गावाबाहेर नेऊन टाकतात. त्या गाठोड्यावरून मी त्या दिवशी भांडले. आज इतके आठवडे झाले तरी भावकीत त्याची चर्चा चालू आहे. उमाला काळवेळ कळत नाही, नोकरी लागली म्हणून डोकं फिरलं, मातीच्या दिवशी कुणी भांडतं का... चालू द्या. मला कुणाची माफी मागायची नाही. पण काकूबद्दल लिहायचं तर त्या गाठोड्यापर्यंत यावंच लागेल, आणि तिथवर यायचं तर आधी बरंच मागं जावं लागेल.

वैजनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं कापडाचं दुकान. खाली दुकान, वर घर. दुकान बघायचे मोठे काका, गाव त्यांना अण्णा म्हणायचं. माझे वडील त्यांच्या हाताखाली. गंगाकाकू मोठ्या काकांची बायको. तिचं माहेर गेवराईकडचं, गोदाकाठच्या एका खेड्यातलं, शेतीवाडीचं. लग्नात तिनं इतर सामानाबरोबर आईनं शिवलेली एक गोधडी आणली होती. कापडवाल्यांच्या घरात गोधडी! सगळे हसले म्हणे. आमच्याकडं गाद्या होत्या, सोलापुरी चादरी होत्या. काकूनं ती गोधडी ट्रंकेत ठेवली आणि थंडीत मात्र बिनदिक्कत बाहेर काढून पांघरली. मी लहानपणी तिच्या कुशीत त्याच गोधडीखाली झोपलेली आहे. तिला चुलीचा, हळदीचा आणि जुन्या सुती लुगड्यांचा मिळून एक वास होता, तो मला आजही ओळखता येईल.

मग ती वर्षं आली, नव्वदनंतरची. घरात रंगीत टीव्ही आला, सोफासेट आला, शोकेस आली, जेवायचं टेबल आलं. दुकानात तयार कपडे आले. लुंग्या, धोतरं मागच्या फळीवर गेली आणि पुढं प्लास्टिकच्या चेनवाल्या पिशवीतली मऊ केसाळ ब्लँकेटं लागली. कुणावर वाघ, कुणावर गुलाब, कुणावर मोर. मोठ्या काकांचा त्या ब्लँकेटांवर फार जीव. गिऱ्हाइकाच्या गालाला लावून दाखवायचे. "आता गोधड्यांचे दिवस गेले," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुकानातल्या माणसाच्या घरात दुकानातला माल दिसला पाहिजे, म्हणून घरातही प्रत्येकाला एकेक ब्लँकेट मिळालं. काकांनी स्वतःला वाघ ठेवला.

त्याच वर्षी काकू भावाकडच्या लग्नाला गेवराईला गेली आणि परत आली तर ट्रंकेत गोधडी नव्हती. आमच्या गल्लीत रंभा नावाची बोहारीण यायची, जुने कपडे घेऊन भांडी देणारी. काकांनी सांगितलं म्हणून माझ्या आईनं जुने शर्ट, पँटी, दोन साड्या तिला दिल्या आणि एक स्टीलचा डबा घेतला. गोधडी त्या हिशेबातसुद्धा नव्हती. ती वर टाकलेली. म्हणजे भाजी घेताना कोथिंबिरीची काडी वर टाकतात ना, तशी. आईनं घाबरत घाबरत तो डबा काकूसमोर ठेवला. काकूनं झाकण उघडून आत बघितलं, पुन्हा लावलं आणि म्हणाली, "उमे, चप्पल घाल."

आम्ही दोघी आठवडी बाजारात गेलो. काकांना न विचारता काकू बाजारात गेलेली मी तोवर पाहिली नव्हती. बाजाराच्या एका कडेला बोहारणी जुन्या कपड्यांचे ढीग लावून बसायच्या. रंभा सापडली. गोधडी म्हणताच तिनं कपाळावर हात मारला. "गेली की आक्का! ऊसतोडीला निघालेल्या बाया आलत्या. त्यातल्या एकीनं नेली. कड्याच्या कारखान्याला चाललेत म्हणत हुत्या, का आनखी कुटं... ट्रक लागलाच हुता." काकू त्या ढिगासमोर उकिडवी बसली. मला वाटलं, आता रडते. पण ती ढिगातलं एक जुनं सुती लुगडं बोटांत चोळत होती. मग म्हणाली, "बरं झालं. फडावर थंडी लई आसती. माज्या मायची गोधडी कुनाच्या तरी लेकराच्या अंगावर हाय, ट्रंकेत न्हाई." आणि उठताना, "पर आता मला दुसरी पायजे. आन ती मीच शिवनार. वर टाकायची कुनाची हिंमत हुती तेच बगते."

गंमत अशी की काकूला गोधडी शिवता येतच नव्हती. आई शिवायची तेव्हा हिनं फक्त सुईत दोरा ओवून दिलेला. तरी घरात इतकं कापड पडलेलं असताना अडचण कसली, असं तिला वाटलं. काकांनाही सुरुवातीला मजा वाटली. "बायकांना टाइमपास पाहिजेच," म्हणाले आणि दुकानातले कटपीस वर पाठवून दिले. कोरे, कडक, खळीचा वास येणारे. टेरिकॉट, पॉपलिन, अस्तराचा लाल तुकडा, मिळेल ते. शिंप्याकडच्या सुया वाकल्या म्हणून तिनं गादीवाल्याचा दाभण आणला, तर त्याची भोकं एवढी पडली की त्यातून करंगळी जाईल. पण तिनं नेट लावून शिवली. सगळी नवीकोरी, रंगीबेरंगी, बघायला झकास. पहिल्यांदा धुवून वाळत घातली आणि संध्याकाळी बघतो तर काय! सुती तुकडे आटले होते, टेरिकॉट जसंच्या तसं होतं, मधे सगळ्या चुण्या, आणि लाल अस्तरानं बाकी सगळ्यांना गुलाबी करून टाकलेलं. काकांनी ती खाली नेऊन गिऱ्हाइकांना दाखवली. दुकानभर हशा पिकला.

वर आम्हाला ते हसू ऐकू येत होतं. काकूचा चेहरा लाल झाला, पण तिनं सुई खाली ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी रंभा गल्लीत ओरडत आली तेव्हा काकूनं तिला वर बोलावलं, चहा दिला आणि ती गुलाबी गोधडी पुढ्यात टाकली. रंभानं हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "आक्का, कोरं हाय ह्ये. ह्यानं माणसाचं आंग आजून बगितलंच न्हाई. धा ठिकाणचं कोरं कापड एकाजागी नांदत न्हाई. नेसून, धुवून, इरून मऊ पडल्यालं पायजे." कापडाच्या दुकानात वीस वर्षं नांदलेल्या बाईला हे कुणी सांगितलंच नव्हतं, कारण कापडाच्या दुकानात जुनं कापड हा विषयच नसतो. नवं म्हणजे चांगलं, एवढंच आम्हाला माहीत. काकू हसायला लागली. इतकी हसली की रंभाच्या चहाची बशी हिंदकळली.

तिथून तिचा उलटा व्यापार सुरू झाला. लोक बोहारणीला जुनं देऊन नवं घेतात, आमची काकू नवं देऊन जुनं घ्यायची. सणावाराला मिळालेल्या साड्या, ब्लाउजपीस, कटपीस रंभाच्या बोचक्यात जायचे आणि त्याबदल्यात विरलेली लुगडी, धोतरं, मलमलचे पंचे यायचे. शिंप्यांच्या दुकानाखालची कात्रणं ती स्वतः जाऊन घेऊन यायची. निवडणूक झाली की उतरवलेले कापडी फलक मागून आणायची, उकळत्या पाण्यात टाकून अक्षरं फिकी करायची आणि आतल्या थराला लावायची. "निवडून आल्यावर कामाला येत न्हाईत, मंग आता तरी येऊ द्या," म्हणायची. सुरतेहून येणाऱ्या कापडाच्या गाठींची शिवण अशी हलक्या हातानं उसवायची की दोरा अखंड हाती यायचा, तो मेणाच्या खड्यावरून ओढून गुंडाळून ठेवायची. बोटात घालायचं शिंप्याचं अंगुस्तान तिला जमेना, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून बोटाला गुंडाळली. सुई मात्र बरोबर ती महाशिवरात्रीच्या जत्रेतच मिळाली, लांब, बारीक, मोठ्या नेढ्याची. उसवायला काकांच्या दाढीचं पातं अर्धं मोडून घेतलेलं. आणि हे सगळं ठेवायला तो डबा. गोधडीच्या बदल्यात आलेला स्टीलचा डबा. त्यात तिनं कधी डाळ भरली नाही की साखर.

आता काकांचं हसू बंद झालं. कटपीसशी खेळणं वेगळं आणि अण्णांच्या बायकोनं शिंप्याच्या पायरीवर चिंध्या वेचणं वेगळं. एके दिवशी जेवताना ते फुटले. "गावात काय बोलायलेत माहीत हाय का? अण्णाचं दुकान बसलं, बायको चिंध्या गोळा करायली. सुरतेच्या व्यापाऱ्याच्या कानावर गेलं तर माल द्यायचा न्हाई मला उद्या." त्यांचं खोटं नव्हतं. व्यापार पत्त्याच्या घरासारखा असतो, अफवेनं पडतो, हे मलाही आता कळतं. काकूनं भाकरी वाढली आणि विचारलं, "मंग लोकाला सांगा की, बायकोला आवड हाय म्हनून."

"कापडवाल्याच्या बायकोला चिंध्यांची आवड? कावून? माज्या घरात चिंधी आनायची न्हाई. सांगून ठिवतो."

"घर एकट्याचं हाय का तुमच्या?" काकू म्हणाली. आवाज चढवला नाही. काकांना असं कुणी विचारलेलं नव्हतं. ते ताटावरून उठले आणि त्या दिवसापासून चिंध्यांचं बोचकं घरात दिसलं की खाली रस्त्यावर जायला लागलं. काकू खाली जाऊन ते पुन्हा वर आणायची. भांडण नाही, आदळआपट नाही. त्यांनी टाकायचं, हिनं आणायचं.

खरी अडचण निराळीच होती. गोधडी अंथरायला जागा लागते. खालचं लुगडं ताणून पसरायचं, चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, त्यावर थर लावायचे आणि सगळ्यांनी कडेनं बसून आत आत शिवत यायचं. आमच्या घरात सोफ्यानं आणि टेबलानं जमीन खाल्लेली. गच्चीवर पसरावं तर थर्मलची राख. सकाळी अंथरलेलं पांढरं धोतर दुपारी करडं. अख्ख्या घरात एकच जागा लांबरुंद, सपाट आणि स्वच्छ होती. दुकानातली गिऱ्हाइकांना बसायची पांढरी गादी.

काका सुरतेला माल भरायला गेले, आणि ते परतायच्या आदल्या दिवशी सकाळी काकूनं गादीवर लुगडं पसरलं. माझ्या वडिलांची बोलायची टाप नव्हती, ते गल्ल्यावर तोंड फिरवून बसले. मी शाळेत गेले नाही. नेमका त्याच दिवशी खेड्यातून एक लग्नाचा बस्ता आला. बस्ता म्हणजे सगळं वऱ्हाडच. नवरीची आई, आजी, मावश्या, चुलत्या. पुरुष फडताळासमोर कापड बघायला लागले आणि बायका गोधडीकडं. "कुनाची वो?" "मपलीच." "आसं व्हय? हात लावू का?" आणि बघता बघता डब्यातल्या सुया संपल्या. चारी बाजूंनी बायका बसल्या. आमच्या शेजारची मालनबाई दळण घेऊन निघाली होती, ती डबा ठेवून बसली. थर्मलच्या कॉलनीतल्या दोन बाया ब्लँकेट घ्यायला आल्या होत्या, त्यांनाही सुया मिळाल्या. दुकानात एवढ्या बायका एका वेळी बोलताना मी कधी ऐकल्या नव्हत्या. गोधडी कडेकडून भरत भरत मधे येत होती.

काका एक दिवस आधीच परतले. रिक्षातून उतरले, हातात बॅग, आणि दारातच थबकले. पांढऱ्या गादीवर चिंध्या, चिंध्यांभोवती गिऱ्हाइकं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो... राग होता, पण त्याहून जास्त भीती होती. ते दातओठ खात म्हणाले, "उठ."

काकूनं वर बघितलं नाही. "मधला चौक राहिलाय."

इथं सांगायला हवं. गोधडी बाहेरून आत शिवत आणतात आणि अगदी मधला चौकोन शेवटी बंद करतात. तो बंद करायच्या आधी तिच्या पोटात भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा ठेवायचा. गोधडी उपाशी ठेवली तर पांघरणाराही उपाशी राहतो, असं आमच्या भागातल्या बायका मानतात. आणि चौक उघडा असताना कुणी बैठकीवरून उठायचं नाही, गोधडी जागेवरून हलवायची नाही. काकांना हे ठाऊक नव्हतं. पण बस्त्यातल्या आजीला ठाऊक होतं. तिनं डोळ्यांवर हात धरून काकांकडं बघितलं आणि म्हणाली, "शेटजी, बसा तिथंच पायरीवर जरा. चौक उघडा हाय. उगं अपशकुन नगं, आमचं लगीन हाय." आता बस्त्याच्या गिऱ्हाइकाला कोण उठवणार? मोठे काका स्वतःच्या दुकानाच्या पायरीवर, रस्त्याकडं तोंड करून, बॅग मांडीवर घेऊन बसले. येणारे जाणारे विचारायचे, "अण्णा, बाहीर का?" ते मान हलवायचे. आत मालनबाईच्या घरून भाकरी आली, माझ्या आईनं गूळ आणला. हो, माझ्या आईनं. काकूनं तुकडा ठेवला, चौक बंद केला, गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला. मग पदर सावरून उठली आणि दाराशी जाऊन म्हणाली, "या आता. झालं."

ती गोधडी नवरीच्या आजीनं हट्टानं मागून नेली. आणि दुकान बसलं नाही. उलट त्या खेड्यातले पुढचे कितीतरी बस्ते आमच्याकडंच झाले, कारण बायका म्हणायच्या, गोधडीवाल्या दुकानात जायचं. काकांनी बरेच दिवस काकूशी अबोला धरला. पण गादीचं मागचं टोक हळूहळू तिचं झालं ते झालंच. एका टोकाला काका वाघ-मोर दाखवायचे, दुसऱ्या टोकाला काकू आणि चार बाया. कुणी नवशिकी आली की काकू तिला आधी घरी पाठवायची, "जा, नवऱ्याचं इरल्यालं धोतर घिऊन ये. इकत काय बी आनू नगं." गोधडीची चौकशी घेऊन येणाऱ्याला काका मान न वळवता सांगायचे, "ते काम तिकडं." त्यांनी शेवटपर्यंत गोधडी पांघरली नाही. एका खोलीत, एका पलंगावर, हा वाघाखाली आणि ती चिंध्यांखाली. दोघंही हटले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला दोघांचाही अभिमान वाटतो. काकूचा जरा जास्त.

एक गोष्ट मात्र तिची कायम राहिली. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक, बैलगाड्या रस्त्यानं जायच्या, तेव्हा ती गॅलरीत उभी राहायची. गाठोडी, भांडी, लेकरं, कोंबड्या, सगळं लादलेलं. ती प्रत्येक गाडीवरच्या पांघरुणांवरून नजर फिरवायची. मी एकदा विचारलं, "सापडली तर मागशील?" म्हणाली, "मागायचं कशाला? लांबून बगीन. मायला बगितल्यावानी." ती कधी दिसली नाही.

मोठे काका काही वर्षांपूर्वी गेले. रीतीप्रमाणं त्यांचं अंथरूण-पांघरूण बांधलं आणि गावाबाहेर नेऊन टाकलं. वाघही गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकूपाशी बसले होते. रिकाम्या पलंगाकडं बघत ती म्हणाली, "उमे, मपली गोधडी टाकू द्यायची न्हाई. तुला सांगून ठिवते. एक डाव वर टाकून दिली माज्या मायची, आता मपली बाहीर टाकतेल. का म्हनून? मी काय घान हाय का?"

मी म्हटलं, "काकू, भावकी ऐकणार आहे का माझं? रीत म्हणतील."

"रीतीला रीतच आडवी घालायची. त्या दिवशी तुज्या काकाला कसं थांबवलतं मी?"

"चौक राहिला होता म्हणून."

काकूच्या डोळ्यांत, नवरा जाऊन दुसरा दिवस, ते जुनं हसू आलं. "कशाचा राहिलाय! कवाच झालता. तू वर पानी आनायला गेलतीस तवा भाकर, गूळ, समदं घालून गाठ मारली हुती. रिक्षा दिसली, आन काडलं पातं, टरकन उसवला इतभर. ती म्हातारी बगत हुती समूर. लबाड! एक शब्द बोलली न्हाई. मंग परत भाकर-गूळ मागवला, त्यो निस्ता दाकवायला." आणि मग ती रडायला लागली. मी तिला धरून बसले. आम्ही दोघी रडत होतो आणि हसतही होतो, आणि बाहेर बसलेल्या लोकांना काय वाटत असेल याची त्या दिवशी मला जरासुद्धा पर्वा नव्हती.

तर आता गाठोडं. माती झाली. माणसं आंघोळी करून ओल्या केसांनी बसली होती. घरात चूल पेटवायची नव्हती, शेजाऱ्यांनी परातीत पिठलं-भाकरी आणून ठेवलेली. भावकीतले थोरले तात्या उंबऱ्याकडं बघून म्हणाले, "ह्ये आजून हितंच? दिवस मावळायच्या आत गावाबाहीर गेलं पायजे." शिवा मुकाट उठला. मी म्हटलं, "नाही जायचं. काकूनं मला सांगितलंय." तात्या म्हणाले, "मरनारं माणूस काय बी सांगतंय बाई. रीत हाय." मी म्हटलं, ज्या बाईनं गावातल्या अर्ध्या घरांना पांघरूण घातलं तिचं पांघरूण कुत्र्यांपुढं टाकायचं ही कसली रीत? आवाज चढला. माझाच चढला. शिवा हात जोडून म्हणाला, "ताई, नको ना आज." मी त्याचा चेहरा बघितला. वाद मी हरले होते. म्हटलं, "बरं. एकदा हात तरी लावू दे मला." गाठोडं मी आत बायकांच्यात नेलं आणि सोडलं.

शेवटची गोधडी तिची. तिच्या स्वतःच्या लुगड्यांची, काकांच्या दोन धोतरांची, माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टाची. डबा फडताळात होता, जिथं नेहमी असतो तिथंच. सुई, मेण, ट्यूबची पट्टी, अर्धं पातं. मी पातं घेतलं. मधला चौक टरकन वीतभर उसवला आणि तात्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चौक उघडा आहे. आता कुणाला उठता यायचं नाही."

म्हातारी झालेली मालनबाई माझ्या समोर बसली होती. ती वाकली, तिनं ताज्या तुटलेल्या दोऱ्यांवर बोट फिरवलं, माझ्याकडं बघितलं. मग सुई उचलली, ओवायला नातीपुढं धरली आणि बाहेर ओरडून म्हणाली, "तात्या, गोधडी उघडी हाय! उघडी दाराबाहीर काडत न्हाईत. बसा जरा!" आणि आम्ही शिवायला लागलो. कधी एवढं सावकाश कुणी शिवलं नसेल. एक टाका घालायचा, काकूची एक आठवण सांगायची, डोळे पुसायचे, दुसरा टाका. माझी आई, आता तिला फारसं दिसत नाही, तिनं परातीतल्या शेजाऱ्यांच्या भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. मी तो आत ठेवला. तात्या बाहेर येरझारा घालत होते. चौक बंद झाला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती, आणि दिवेलागणीनंतर घरातली वस्तू बाहेर द्यायची नसते, हीसुद्धा रीतच आहे. शिवा आत आला. गोधडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि गुडघ्यावर बसून त्यानं तिच्यात तोंड खुपसलं.

गोधडी आता माझ्याकडं अंबाजोगाईला आहे. मी ती जपून वगैरे ठेवलेली नाही. रोज पांघरते, मळली की धुते, गॅलरीत रस्त्याकडच्या बाजूनं वाळत घालते, सगळ्यांना दिसेल अशी. तात्यांचे निरोप येतात की अजून वेळ गेलेली नाही, घरात अशी वस्तू बरी नव्हे, कधी आलो तर मीच घेऊन जाईन. मी त्यांना निरोप पाठवलाय की जरूर या, चहाला या. डबा उशाशीच आहे आणि त्यातलं पातं मी नवं घातलंय.